पुढचा, पुढची, पुढचं

रिव्हॉल्व्हर हे हत्यार नसून तोंड आहे, असं पुढचाबाईंचं ठाम मत होतं. सहा दाढा, त्यांच्यामागे थोडी अंधारी जागा, आणि घाण साचणार ती नेमकी तिथेच, जिथे ब्रश फिरवायचा माणूस कंटाळा करतो. स्पर्धेत रिव्हॉल्व्हर अडलं की क्लबातले पुरुष त्याला शिव्या घालत, एकदोघं टेबलावर आपटतही. बाई लांबूनच विचारायच्या, "शिव्यांनी कुणाचा किडका दात बरा झालाय का हो आजवर?"

त्यांना पुढचाबाई का म्हणत, तेही इथेच सांगून टाकतो. एकतीस वर्षं त्या एका दंतवैद्याच्या दवाखान्यात मदतनीस होत्या. अवजारं उकळायची, बशीत मांडायची, आतून किंकाळी आली तरी चेहरा इस्त्रीचा ठेवायचा आणि दार उघडून हाक मारायची, "पुढचा!" बाकावर म्हातारी असो, नवी नवरी असो, कडेवरचं पोर असो, हाक एकच. व्याकरणाला त्या दवाखान्यात अपॉइंटमेंट नव्हती. बाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. सगळे त्यांना घड्याळजीच म्हणत. त्यांना लिंगवचनाची चूक खडा लागल्यासारखी लागे. "अगं, बाईमाणूस असेल तर पुढची म्हणावं, पोर असेल तर पुढचं," असं त्यांनी निदान हजारदा सांगितलं असेल. पालथ्या घड्यावर पाणी.

नेमबाजीशी बाईंचा संबंध आला तो एका चष्म्यामुळे. दंतवैद्य दर रविवारी क्लबात रिव्हॉल्व्हरच्या स्पर्धेला जायचे. एका रविवारी चष्मा दवाखान्यातच विसरले आणि बाई तो घेऊन तिथे पोहोचल्या. पाहतात तर काय, डॉक्टर घामाघूम! रिव्हॉल्व्हरची चक्री, म्हणजे जिच्या सहा भोकांत सहा काडतुसं बसतात ती, जागची हलेना. अक्कलदाढा लीलया उपटणारा माणूस एका लोखंडी तुकड्यापुढे हात टेकून उभा.

"बघू," बाई म्हणाल्या. "आ कर."

हे त्या रिव्हॉल्व्हरला म्हणाल्या. चक्री कशीबशी बाजूला उघडली, रिकामी केली, आणि तिच्या पुढे निघालेली दांडी दाबली. चक्रीच्या पाठीवर चांदणीच्या आकाराची एक चकती असते. दांडी दाबली की ती वर उचलली जाते आणि काडतुसांच्या रिकाम्या टोपणांना बाहेर ढकलते. त्या चांदणीखाली न जळलेल्या दारूचे दोन दाणे अडकले होते. मोहरीहून लहान. तेवढ्यानं चांदणी केसभर वर राहिली, आणि चक्री मागच्या भिंतीला घासून बसली. बाईंनी पर्समधून दवाखान्यातला नमुन्याचा टूथब्रश काढला, चार हात फिरवले, आणि चक्री सासरहून माहेरी निघाल्यासारखी गरगर फिरली.

डॉक्टरांनी रिव्हॉल्व्हर त्यांच्याच हाती दिलं. "आता तुम्हीच मारा."

बाईंची पहिली गोळी शेजारच्याच्या लक्ष्याला लागली. शेजाऱ्याला त्याचे गुण मिळाले. तो अजून आभार मानतो.

पुढे डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला, आणि ते रिव्हॉल्व्हर क्लबाच्या पोलादी कपाटात जमा होऊन बाईंच्या नावावर चढलं. तोवर बाकी जगानं पिस्तुलं घेतली होती. रिव्हॉल्व्हरच्या वर्गात चारजण होते, त्यांचे दोन झाले, आणि शेवटी बाई एकट्या उरल्या. म्हणजे त्या वर्गात पहिल्याही त्याच आणि शेवटच्याही त्याच. बक्षीस घेताना टाळ्या वाजवायला दुसरा स्पर्धक नसल्यानं घड्याळजी वाजवत.

घड्याळजी या प्रकरणात ओढले गेले ते दांडीमुळे. आटे असलेली वस्तू आणि सततचे हादरे यांचं कधी पटत नाही. एका स्पर्धेत प्रत्येक बार उडताना दांडी आपली आपण उलगडत गेली, पुढे जाऊन अडकली, आणि चक्री उघडेचना. तोंडाला कुलूप. त्या दिवशी घड्याळजींनी खिशातून पेचकस काढले, चष्म्यावर भिंग चढवलं, आणि बायकोच्या संसारात इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच स्वतःचं काम शोधलं. तेव्हापासून वाटणी ठरली. जे ब्रशनं निघतं ते बाईंचं, जे पेचकसानं फिरतं ते त्यांचं. एकानं दुसऱ्याच्या खात्यात नाक खुपसायचं नाही. क्लबातल्या एका उत्साही माणसानं एकदा मेहेरबानी म्हणून रिव्हॉल्व्हरमध्ये बदाबदा तेल ओतलं होतं. तेलात दारूची राख कालवली गेली आणि त्याचा चिखल झाला. "हे डोकं नाही चंपी करायला," असं बाईंनी त्याला सर्वांदेखत सुनावलं आणि तो गडी पुढे महिनाभर डोक्याला तेल लावायलाही बिचकत होता.

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात बाई काडतुसं तपासायच्या. प्रत्येक काडतुसाच्या बुडाशी एक छोटी टोपी असते. घोड्याचा, म्हणजे मागच्या हातोडीचा, ठोका तिच्यावर बसला की बार उडतो. ती टोपी जराशी जरी वर आलेली असली तरी चक्री अडते. ते डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळतं. बाई दवाखान्यातल्या काचेवर काडतुसं उलटी उभी करायच्या आणि उजव्या हाताचं पहिलं बोट एकेका बुडावरून फिरवायच्या. नापास काडतूस बाजूला आणि तोंडानं, "पुढचा!"

"काडतूस पुढचं असतं," घड्याळजी वर्तमानपत्रामागून म्हणायचे.

"त्याला चालतंय. तुम्हाला काय होतंय?"

आता मुद्द्यावर येतो. क्लबाच्या सेक्रेटरीला सगळे नियमावली म्हणत, कारण त्याचं पोट आणि नियमांचं पुस्तक या दोन गोष्टी त्याच्याबरोबर सगळीकडे जात. या वर्षी नियमावलीनं फळ्यावर सूचना लावली. गेल्या काही स्पर्धांत जुन्या रिव्हॉल्व्हरांनी खोळंबा केल्यामुळे अख्ख्या रांगेला उन्हात उभं राहावं लागलं होतं. तेव्हा यंदा रिव्हॉल्व्हरच्या वर्गात कोणत्याही नेमबाजानं हत्यार अडल्याबद्दल एकदा जरी हात वर केला, तर पुढील वर्षापासून तो वर्ग बंद. क्लबात जमा असलेलं रिव्हॉल्व्हर कार्यालयातल्या काचेच्या कपाटात शोभेसाठी ठेवण्यात येईल.

"नेमबाजानं म्हणे," बाई म्हणाल्या. "एकटी मीच तर आहे. सरळ माझं नाव लिहायला काय हात मोडले होते?"

त्या हसल्या खऱ्या, पण वरवर. दवाखाना बंद झाल्यापासून आठवड्यातले सहा दिवस घरात फक्त घड्याळांची टिकटिक होती. सातव्या दिवशी कुणीतरी त्यांना विचारायचं, "बाई, हे का अडतंय?" काचेच्या कपाटातल्या रिव्हॉल्व्हरला कुणी काही विचारत नाही, आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईलाही नाही.

शिवाय एक गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. तेच ते बोट, उजव्या हाताचं पहिलं, दोन महिन्यांपासून सकाळी दुमडायला नको म्हणत होतं. सांधा सुजायचा. रिव्हॉल्व्हरचा चाप म्हणजे पिस्तुलाचा लाडावलेला चाप नव्हे. त्याच एका ओढीत चक्री फिरवायची, घोडा मागे न्यायचा आणि सोडायचा, सगळं त्या एका बोटानं. बाई रोज गुपचूप कोमट पाण्यात बोट बुडवून बसायच्या आणि कुणी विचारलं तर भांडी घासते म्हणायच्या. इतकी भांडी त्या घरात नव्हतीच.

स्पर्धेचा दिवस उजाडला. सहा फेऱ्या, प्रत्येक फेरीत बारा गोळ्या, सहा मारायच्या, परत भरायच्या, परत सहा. एकूण बहात्तर. नियमावली हातात घड्याळ घेऊन बाईंच्या मागे उभा राहिला, मांजर उंदराच्या बिळापाशी बसतं तसा.

पहिली फेरी झाली. बाईंना आश्चर्य वाटलं. चाप मऊ लागत होता! दुसऱ्या फेरीत आणखी मऊ. बोट कुरकुरत होतं, पण ओढत होतं. कोमट पाण्यानं गुण आला म्हणायचा, बाई मनाशी म्हणाल्या, आणि त्यांना इतका आनंद झाला की तिसऱ्या फेरीत त्यांचा नेम गेल्या पाच वर्षांत लागला नव्हता तितका चांगला लागला. प्रत्येक फेरीनंतर त्या नळी आभाळाकडे करून दांडी एका झटक्यात दाबत, म्हणजे दाणे चांदणीखाली जायच्याऐवजी खाली पडतात, आणि वर टूथब्रशचे चार हात. सगळं कसं झकास चाललं होतं.

चौथ्या फेरीची तिसरी गोळी. बाईंनी चाप ओढला. टक्.

बार नाही. फक्त टक्.

मागे नियमावलीचा श्वास अडकलेला बाईंना ऐकू आला. पण पिस्तूल टक् म्हणालं की माणसाला ते हातानं मोकळं करावं लागतं. रिव्हॉल्व्हरचं तसं नाही. पुन्हा चाप ओढला की चक्री फिरते आणि पुढचं भोक समोर येतं. रुसलेल्याची मनधरणी करत बसायचं नाही. बाईंच्या तोंडून आपसूक निघालं, "पुढचा!" आणि पुढची उडाली. उरलेल्याही उडाल्या.

"अडलं," फेरी संपताच नियमावली म्हणाला.

"माझा हात वर गेला का?"

"पण बार उडाला नाही."

"नियम वाचा. हात वर केल्यास, असं आहे. तुमचंच अक्षर आहे."

नियमावलीनं सूचना दोनदा वाचली. स्वतःच लिहिलेल्या वाक्यात माणूस अडकला की त्याचा चेहरा फार बघण्यासारखा होतो. "पण एक गोळी चुकली म्हणून धरणार," तो म्हणाला.

"धरा की. सांभाळून धरा, अजून भरलेली आहे."

ते न उडालेलं काडतूस बाईंनी उचललं आणि त्याच्या टोपीकडे पाहिलं. घोड्याचा ठोका बसला होता, पण खड्डा उथळ होता. किडका खड्डा किती खोल आहे हे एकतीस वर्षं बघितलेल्या बाईला हे सांगायला दुसऱ्याची गरज नव्हती. घोड्याला मागून रेटणारी स्प्रिंग सैल पडली होती. ती ताणून धरणारा एक स्क्रू मुठीच्या पुढच्या बाजूला असतो. आणि स्क्रू हे खातं कुणाचं, हे अख्ख्या क्लबाला ठाऊक होतं.

म्हणजे बोट बरं झालंच नव्हतं. चापच मऊ केलेला होता. हे लक्षात आलं आणि बाईंना तिथेच, बंदुकांच्या आवाजात, रडू आलं. रागाचं की वाईट वाटल्याचं, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. बाकावर बसलेले घड्याळजी स्वतःच्या बुटांकडे असे पाहत होते, जणू काही ते बूट आज पहिल्यांदाच भेटलेत.

रांगेच्या मागे साफसफाईचं टेबल होतं. बाईंनी चक्री उघडून रिकामं रिव्हॉल्व्हर त्यावर ठेवलं आणि यजमानांना बोटानं नाही, मानेनं बोलावलं.

"अहो, तुमचा स्क्रू ढिला झालाय."

"कुठला?"

"दोन्ही."

घड्याळजींनी खिशातला पेचकस चाचपला. मग हळूच म्हणाले, "काल संध्याकाळी क्लबात येऊन केला. अर्धाच फेरा."

"का?"

"महिना झाला, तू बरणीचं झाकण मला उघडायला देतेस. लग्नाला चाळीस वर्षं झाली, कधी दिलं नव्हतंस. मग मी तुझं बोट पाहिलं. म्हटलं, तेवढाच त्रास कमी होईल तुला."

"आणि मला विचारायचं नाही?"

"विचारलं असतं तर दुखत नाही म्हणाली असतीस."

हे खरं होतं, म्हणून बाई जास्तच चिडल्या. आपलेच दात आणि आपलेच ओठ, ओरडायचं तरी कुणाच्या नावानं! घड्याळजी म्हणाले, "राहू दे तसाच. एखादी नाही उडाली तर पुढची आहेच की."

"घड्याळाला हादरे नसतात हो. याला आहेत. सैल सोडलेला स्क्रू प्रत्येक बार उडताना आणखी सैल होतो. पहिल्या तीन फेऱ्या उडाल्या, चौथीत एक गेली. सहावीत सगळ्या जातील, मग काय तुमच्या नावाचा जप करू?"

घड्याळजींचा चेहरा पडला. इतका साधा हिशेब आपल्याला कसा सुचला नाही, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. त्यांना आयुष्यभर फक्त जागच्या जागी बसणारी यंत्रं माहीत होती.

"मग आवळतो," ते म्हणाले. "पण बोट?"

"बोट माझं. स्क्रू तुमचा. आवळा."

त्यांनी पेचकस काढला. अर्धा फेरा, आणि त्यावर हादऱ्यांनी सुटलेला थोडा, असा तळाला टेकेपर्यंत स्क्रू आवळला. आवळताना पेचकस दोनदा खाचेतून निसटला. चाळीस वर्षांत त्यांचा पेचकस निसटताना बाईंनी पाहिला नव्हता. राग तिथेच अर्धा उतरला, पण बाईंनी तो तोंडावर पुरताच ठेवला.

पाचवी फेरी. चाप आता जुन्या सासूसारखा ताठ. बारा ओढींत बाईंनी बाराही वेळा दात-ओठ खाल्ले. सगळ्या उडाल्या. नेमाचं विचारू नका.

सहावी. पहिल्या सहा गेल्या. बाईंनी परत भरलं. सातवी, आठवी, नववी. दहावीला बोट चापावर गेलं आणि तिथेच थांबलं. चाप जेमतेम हलला, मागे येईना. बाईंनी जोर लावला. खांद्यापर्यंत कळ गेली. रिव्हॉल्व्हर ठणठणीत होतं, अडलं होतं ते बोट. घड्याळ चालू होतं. मागे नियमावली बाईंच्या खांद्याकडे टक लावून होता, हात वर जातो का ते बघत. आणि खरं सांगायचं तर क्षणभर बाईंना वाटलंही, की करावा वर. संपवावं. काचेच्या कपाटात धूळ तरी कमी बसते.

घड्याळजी बाकावरून उठून उभे राहिले होते.

बाईंनी पहिलं बोट चापावरून काढलं आणि चक्रीच्या फटीतून निघणारी आग लागू नये म्हणून खाली दुमडून घेतलं. मग दवाखान्याचं दार उघडून एकतीस वर्षं मारली तशी, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशी हाक मारली:

"पुढचं!"

आणि मधलं बोट चापावर ठेवलं. हाताची पाची बोटं सारखी नसतात म्हणतात, ते बरंच आहे म्हणायचं. दहावी उडाली. अकरावी उडाली. बारावी तर चक्क मधोमध लागली, ज्याचं बाईंना स्वतःलाच नवल वाटलं.

रांगेतल्या लोकांना वाटलं, बाई थकल्या, काहीतरी बरळल्या. नियमावलीलाही काही कळलं नाही. त्यानं नाइलाजानं कागदावर लिहिलं: गोळ्या बहात्तर, न उडालेली एक, हात वर शून्य. मग पुढच्या वर्षीचा अर्ज पुढे केला. वर्गाच्या रकान्यात त्यानं स्वतःच रिव्हॉल्व्हर लिहून दिलं होतं, जरा वाकडं अक्षर काढून.

अख्ख्या मैदानात एकट्या घड्याळजींना कळलं होतं. ते जवळ आले, आणि डोळे पुसत म्हणाले, "आज व्याकरण बरोबर होतं."

"बोट पुढचंच असतं ना?"

"पुढचंच."

बाईंनी पेन हातात घेतलं, बोटं मिटेनात. मग त्यांनी पेन यजमानांच्या हाती दिलं, अर्ज त्यांच्याकडून भरून घेतला आणि सहीपुरता कागद आपल्याकडे ओढला. लपवायचं आता काही उरलं नव्हतं, आणि त्याचं त्यांना जितकं वाईट वाटेल असं वाटलं होतं तितकं वाटलं नाही.

घरी आल्यावर बाईंनी चहा टाकला. साखरेची बरणी घेतली आणि ओट्यावरून घड्याळजींकडे सरकवली. त्यांनी झाकण धरलं, थोडं फिरवलं, आणि न उघडताच बरणी परत बाईंकडे सरकवली.

बाईंनी झाकणाला हात लावला आणि ओळखलं. "अहो, हे ढिलं केलंय तुम्ही."

"अर्धा फेरा," घड्याळजी म्हणाले. "पण या खेपेला तुझ्यासमोर."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग उरलेला अर्धा फेरा आपल्या हातानं फिरवला, मधल्या बोटाचा जोर लावून. झाकण निघालं. साखर घातली, बरणी बंद केली, आणि फळीवरची चहापत्तीची बरणी काढून त्यांच्यापुढे ठेवली.

"पुढची," त्या म्हणाल्या.